फिबोनाचीवरून फ्यूग: गणित बसलं, मध्यम टोचतोय

पेटीवाला_लातूर
अकरावी-बारावीचे गणिताचे क्लास घेतो. पेटी भजनात वाजवत आलोय, कीबोर्ड अलीकडचा, 61 पट्ट्यांचा. दोन आवाजांचा फ्यूग लिहायला घेतलाय, म्हणजे एकच धून (तिला विषय म्हणतात) आवाजांनी एकामागून एक उचलायची अशी रचना. विषय असा काढला: फिबोनाचीच्या संख्यांना (प्रत्येक संख्या आधीच्या दोनांची बेरीज: 1, 1, 2, 3, 5, 8, 13, 21) 7 ने भागून बाकी घ्यायची. 1, 1, 2, 3, 5, 1, 6, 0. शून्य म्हणजे सा, एक म्हणजे रे, असं करत सहा म्हणजे नी. झालं: रे रे ग म ध रे नी सा, त्यातला नी मंद्रातला (खालच्या सप्तकातला). शेवट आपसूक सा वर!

पुढच्या आठ बाक्या 6, 6, 5, 4, 2, 6, 1, 0. खाली-वर मांडून बघा. प्रत्येक जोडीची बेरीज 7, शेवटी तेवढं शून्याखाली शून्य. म्हणजे दुसरी ओळ पहिलीचा उलटा आरसाच. सतराव्या संख्येपासून चक्र परत सुरू.

आता अडलंय ते असं. उत्तर, म्हणजे दुसऱ्या आवाजातला तोच विषय, पंचमावरून द्यायचं म्हणून प्रत्येक आकड्यात 4 मिळवले, तर आलं ध ध नी सा ग ध म प. यातला म कानाला टोचतो. आकडेमोड चार वेळा तपासली, चूक नाही.

खालचा_पंचम (संभाजीनगर)
सर, चूक नाहीच. पण सात शुद्ध स्वरांतली अंतरं सारखी कुठं असतात? नी ते सा अर्धा स्वर, म ते प पूर्ण. मूळ विषयात नी जसा सा ला जाऊन चिकटतो, तसं उत्तरात व्हायला तीव्र मध्यमच (म आणि प च्या मधला) हवा. काळी पट्टी दाबा, बिनधास्त. गणिताचं समाधान पाहिजे असेल तर 12 च्या हिशेबात मोजा: नी पासून सात पट्ट्या वर, काळी-पांढरी सगळी धरून. तीव्र म येतो की नाही बघा.

आरसा झकास आहे, पण मूळ विषयासोबत एकदम सुरू करू नका, चौथ्या स्वरावर म आणि प घासतील. आधी विषय संपू द्या, मग खालच्या आवाजात आरसा आणा.

ऐकणाऱ्याला 7 ची बाकी कळणार नाही, कळायची गरजही नाही. जर्मन संगीतकार बाखच्या नावातल्या (BACH) अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज 2+1+3+8 म्हणजे 14, आणि त्याच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिए’ संग्रहाच्या 1722 च्या पहिल्या भागातल्या सी मेजर फ्यूगचा विषय बरोबर 14 स्वरांचा. मुद्दाम की योगायोग, यावर लोक अजून भांडतात. फ्यूग मात्र त्याशिवायही उभा राहतो.

देवगिरीकर
एक भर घालतो. स्वरांचं गणित आपल्याकडं जुनंच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडं असलेल्या शार्ङ्गदेवानं सात स्वरांच्या 5040 ताना (स्वरांची जागा बदलून होणारे क्रम) मोजल्यात, आणि खंडमेरूच्या कोष्टकावरून क्रमांक सांगितला की तान काढायची, तान दिली की क्रमांक. दौलताबादचा किल्ला चढताना हे कुणी सांगत नाही!

अंबाजोगाईचा_तबलजी
मला यातलं काय बी कळंना, पण वाजवून टाका की इथं.

पेटीवाला_लातूर
तीव्र मध्यम बसला. टाकतो, पण दम धरा. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भात्यावर. तो आता स्वतंत्र चालवायचाय. दोनच आवाजांचे आणखी फ्यूग सरावाला आहेत का?

खालचा_पंचम
बाखच्या त्याच संग्रहाच्या दोन भागांतल्या 48 फ्यूगांत दोन आवाजांचा एकच, पहिल्या भागातला ई मायनर. तो पळतो फार. आधी त्याचा डावा हात एकटा, निम्म्या लयीत घ्या.