मदत हवी आहे: फोनवर नेमकं काय विचारावं?

पारोळा-अमळनेर भागात फायबर नेटच्या तक्रारी फोनवर घेतो. समोरून एवढंच येतं, “नेट बंद शे.” “लाल दिवा लागलाय का?” विचारलं की उत्तर “हा भाऊ”, मग लागलेला असो वा नसो! नेटच्या डब्यावर (राउटरवर) एलओएस नावाचा लाल दिवा लागला म्हणजे फायबरमधून सिग्नल येत नाही, लाइनमन पाठवावा लागतो. पॉन, म्हणजे फायबर जोडणीचा दिवा, हिरवा स्थिर असेल तर बहुधा वायफाय किंवा रिचार्ज.

“दिव्यांचे रंग डावीकडून सांगा” हे करून पाहिलं, थोडा फरक पडला. पण डबा माळ्याजवळ, फोनवर म्हातारी माणसं. फोटो, व्हिडिओ कॉल जमत नाही. हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असे, वीज, फायबर आणि वायफाय वेगळे काढणारे पहिले तीन प्रश्न कोणते? अहिराणीत सुचवले तर फारच बरं.