अणु-आणीबाणीच्या यादीत माझं नाव आलंय, पण मी तर खरेदी विभागातला! तयारी काय करू?

टेबलाखालची_फाईल

नमस्कार मंडळी. मी अणुसुरक्षेचं काम पाहणाऱ्या एका संस्थेत नोकरीला आहे. पण अणूशी माझा संबंध इतकाच, की किरणोत्सार मोजायच्या यंत्रांच्या निविदा माझ्या टेबलावरून पुढे सरकतात. शिक्षण वाणिज्य शाखेचं. विज्ञान दहावीला सोडलं, ते परत भेटलं नाही.

गेल्या महिन्यात परिपत्रक निघालं. मोठी घटना घडली तर आणीबाणी कक्ष चोवीस तास चालवावा लागतो, तेवढे तज्ज्ञ नाहीत, म्हणून हिशेब, भाषांतर, खरेदी अशा विभागांतूनही माणसं घेतली आहेत. यादीत माझं नाव तिसरं. काम लिहिलंय 'संपर्क व नोंद'. आधी तीन दिवसांचं प्रशिक्षण, मग अधूनमधून सराव. साहेबांना सांगून पाहिलं, की मला यातलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला घेतलंय." हा टोमणा होता की कौतुक, अजून उलगडलेलं नाही.

दोन प्रश्न आहेत. प्रशिक्षणाआधी भौतिकशास्त्र किती वाचू? आणि दुसरा माझ्या बायकोचा: "तुम्हाला तिथे आत पाठवणार का?"

नोंदवहीवाली

आधी वहिनींचं उत्तर. नाही. तुमची खुर्ची घटनास्थळापासून लांब, फोन आणि पडद्यासमोर. जागेवर जाणाऱ्यांचं खातंच वेगळं. त्यांची आधी नोंदणी होते, अंगावर डोसमापक असतो, मर्यादा ठरलेल्या असतात. किरणोत्सारात काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसीव्हर्ट (शरीराला बसणारा डोस मोजायचं एकक) आहे. कुणाचा जीव वाचवायचा असेल तर ५०० पर्यंतचं मार्गदर्शक मूल्य आहे, पण धोका समजावून सांगून आणि त्या माणसाने स्वखुशीने होकार दिल्यावरच. कक्षातल्या माणसाला कुणी सहज "जरा जाऊन बघून ये" म्हणालं, तर जागचं हलू नका.

आता तुमचा प्रश्न. मी मूळची भाषांतरकार. आठ वर्षं या यादीत आहे. पहिल्या वेळी मी जाडजूड पुस्तक घेऊन बसले होते, अणुभट्टीची आकृती पाठ केली. सरावात कुणी आकृती विचारली नाही. फोनवर एकाने आकडा सांगितला, तो मी वहीत लिहिला, आणि 'मायक्रो'च्या जागी 'मिली' लिहून बसले, म्हणजे आकडा हजारपट मोठा. पुढे तासभर अख्खा कक्ष माझ्या त्या एका अक्षरामागे धावत होता. सराव होता म्हणून निभावलं.

फरक किती पडतो बघा. जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्रात भूकंप-त्सुनामीनंतर अपघात झाला, तेव्हा १५ मार्च २०११ ला भट्ट्यांजवळ एका ठिकाणी तासाला ४०० मिलीसीव्हर्ट मोजले गेले. त्या जागी उभ्या माणसाची २० ची मर्यादा तीन मिनिटांत संपते. तोच आकडा मायक्रोसीव्हर्टमध्ये असता तर पन्नास तास लागले असते. आणि 'तासाला' हा शब्द गाळला, तर उरलेल्या आकड्याला काही अर्थच राहत नाही.

म्हणून आकडा कानावर पडला की मी पाच गोष्टी लिहिल्याशिवाय फोन ठेवत नाही: एकक, तासाचा दर की एकूण, कुठे मोजलं, कधी मोजलं, कोण सांगतंय. मग सगळं परत वाचून दाखवायचं. समोरचा वैतागतो. वैतागू दे. तुम्ही निविदा बघता ना? मग 'नग' आणि 'डझन' यांच्या घोटाळ्यात तुमची नजर आधीच तयार झालेली असणार.

वेळेचंही तसंच. सगळं यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. फुकुशिमाचा भूकंप जपानी घड्याळात दुपारी २:४६ ला झाला, यूटीसीत पहाटे ५:४६, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा आणीबाणी कक्ष जिथे आहे त्या व्हिएन्नात सकाळी ६:४६. तिघांनी आपापल्या घड्याळाने नोंद केली तर एका घटनेच्या तीन घटना होतात.

अर्धायुष्य

वरच्या ताईंशी बहुतेक सहमत. पण "भौतिकशास्त्र नकोच" असा अर्थ काढू नका. मी त्या 'तज्ज्ञ' जमातीतला आहे, म्हणून सांगतो. आमच्याकडूनही चुका होतात आणि त्या वेळी शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने भुवया उंचावल्या तर फार उपयोग होतो.

फुकुशिमाचंच घ्या. २७ मार्चला दोन नंबरच्या भट्टीच्या टर्बाइन इमारतीतल्या पाण्याबद्दल जाहीर झालं, की किरणोत्सार नेहमीच्या भट्टीतल्या पाण्याच्या एक कोटी पट आहे. जगभर मथळे झाले. त्याच दिवशी सुधारणा आली: एक लाख पट. विश्लेषणात एका किरणोत्सर्गी पदार्थाची दुसऱ्याशी गल्लत झाली होती. एक लाख पटही भयंकरच, पण शंभरपटीची चूक ती चूकच.

आकड्याचा वास यायला हवा, एवढंच. त्यासाठी एक खुंटी मनात ठोकून ठेवा: निसर्गातून माणसाला जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलीसीव्हर्ट मिळतात. बेक्वेरेल म्हणजे पदार्थात दर सेकंदाला किती अणू फुटतायत, सीव्हर्ट म्हणजे त्यामुळे शरीराला किती धोका. दोन संध्याकाळी पुरे.

आणि प्रश्न विचारायला लाजू नका. जपानमध्येच तोकाईमुरात ३० सप्टेंबर १९९९ ला युरेनियम हाताळताना अपघात झाला. रुग्णवाहिका बोलावताना किरणोत्साराचा उल्लेखच झाला नाही. मदतीला धावलेल्या तिघांनाही डोस बसला. फोनच्या कुठल्याही एका टोकाला कुणी "तिथे किरणोत्सर्गी काही आहे का?" एवढं विचारलं असतं, तर ते तिघे तयारीने गेले असते.

कोपऱ्यातला_खांब

मी अशा तीन सरावांत बसलोय. खरं सांगू? निम्मा वेळ पासवर्ड चालत नाही म्हणून जातो, उरलेला चहाच्या रांगेत. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र. नाटक आहे हो.

नोंदवहीवाली

खांबसाहेब, पासवर्ड सरावात चालला नाही हीच सरावाची कमाई. नाहीतर ते खऱ्या रात्री कळलं असतं. नाटकाबद्दल मात्र एक मान्य: सराव आणि खरं यांतली भिंत पातळ असते. कॅनडातल्या ओंटारिओत १२ जानेवारी २०२० ला, रविवारी सकाळी, पिकरिंग अणुकेंद्रात घटना घडल्याचा इशारा लाखो फोनवर गेला. घटना काहीच नव्हती. पाळी बदलताना इशारा यंत्रणेची रोजची चाचणी होते, ती करणाऱ्या माणसाला वाटलं आपण प्रशिक्षणाच्या प्रणालीत आहोत, आणि होता खऱ्या प्रणालीत. 'इशारा चुकीचा होता' हा दुसरा संदेश जायला पावणेदोन तासांहून जास्त वेळ लागला. तोवर लोकांची झोप उडाली ती उडालीच, आयोडीनच्या गोळ्यांची (थायरॉईडला किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवणाऱ्या) मागणीही एकदम वाढली.

म्हणून सरावाच्या प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला आणि शेवटी 'हा सराव आहे' लिहायचंच, कंटाळा आला तरी. आणि पाळी सोपवताना उभ्याउभ्या नाही, वही मध्ये ठेवून बसायचं: काय झालं, काय बाकी आहे, कुणाच्या फोनची वाट पाहतोय. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गोष्टी तिथेच सांडतात.

अर्धायुष्य

आणि गर्दी विसरू नका. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ मध्ये भंगारात गेलेल्या कर्करोगाच्या उपचारयंत्रातला किरणोत्सर्गी सीझियम लोकांच्या हाती पडला. चार जण दगावले. तपासणीसाठी १ लाख १२ हजारांवर लोक आले, त्यांतल्या २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडला. बाकीच्यांना रांग, नाव, धीर आणि सरळ उत्तर हवं होतं. त्या कामाला भौतिकशास्त्रज्ञ लागत नाही. आम्ही त्यात वाईट असतो, खरं तर.

टेबलाखालची_फाईल

सगळ्यांचे आभार. पहिला दिवस आज झाला. फॉर्ममध्ये 'मोजलेली वेळ' आणि 'कळवलेली वेळ' असे वेगळे रकाने नाहीत हे मी बोलून दाखवलं. प्रशिक्षक दोन मिनिटं गप्प होते, मग त्यांनी ते लिहून घेतलं. बायकोला 'नाही' सांगितलं, तिला अजून पटलेलं नाही.

एक राहिलं: एखादा घाबरलेला माणूस थेट माझ्याच फोनवर आला आणि "आम्ही घर सोडू का?" म्हणाला, तर?

नोंदवहीवाली

स्वतःच्या मनाने "हो" नाही, "नाही"ही नाही, आणि "काळजी करू नका" तर मुळीच नाही. स्थानिक प्रशासनाने त्या घडीला जाहीर केलेली सूचना असेल ती शब्दशः वाचून दाखवा, किती वाजताची आहे ते सांगा, त्याचं ठिकाण आणि नंबर लिहून घ्या, आणि माहिती कक्षाला जोडून द्या. जोडताना फोन मध्येच कटतो. म्हणून नंबर आधी.