मदत हवी आहे: डेस्कटॉप मधेच आपोआप रिस्टार्ट होतोय

मंडळी, पीसी चालू असताना मधेच फटकन काळा होतो आणि स्वतःच परत बूट होतो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काहीच नाही. गंमत म्हणजे गेम खेळताना तासन् तास नीट चालतो आणि नुसता ब्राउझर उघडा ठेवून उठलो की रिस्टार्ट मारतो, त्यामुळे हीटिंगचा संशय मला तरी पटत नाही, तरीपण धूळ साफ केली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नवीन लावली, प्रोसेसर ६५ डिग्रीच्या वर जात नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) दरवेळी कर्नल-पॉवर ४१ (नीट शटडाउन न होता पीसी बंद पडल्याची नोंद), बगचेक कोड (क्रॅशचा कोड) ०, म्हणजे विंडोजला काही कळायच्या आधीच खेळ खलास. ऑटोमॅटिक रिस्टार्टची टिक काढलीय. मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर चालवला, क्लीन. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग) बंद केलं, बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, यूपीएस काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहिलं, केसच्या रीसेट बटणाची वायरसुद्धा मदरबोर्डवरून उपटून ठेवलीय.

रायझन प्रोसेसर, ५५० वॅटचा जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय). मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन १२.१ दाखवते, पण व्होल्टेजचा क्षणभराचा डिप त्यात दिसत नाही हे माहितीय. दुसरा एसएमपीएस हाताशी नाही आणि अंदाजाने नवीन घ्यायचा नाहीये.

बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल (पीसी रिकामा असताना वीज किती कमी खेचायची त्याचं सेटिंग) 'टिपिकल' करून किंवा सी-स्टेट (प्रोसेसरच्या वीज वाचवणाऱ्या झोपेच्या अवस्था) बंद करून रिस्टार्ट थांबले तर दोष एसएमपीएसचाच धरायचा, की मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमुळेही असंच होऊ शकतं?