48 लाखांत घर: पर्वरी, फोंडा, साखळी की पेडण्याचा प्लॉट?

मेरशीहून_मी:
नमस्कार मंडळी. गोव्यात घर घ्यायचं ठरलंय, पण रोज मत बदलतंय, म्हणून इथे विचारते. सध्या मेरशीला भाड्याने आहोत. मिस्टर कुंडई औद्योगिक वसाहतीत, मी पणजीत एका पतसंस्थेत. मुलगी तिसरीत, मराठी माध्यम. सासूबाई आमच्याजवळ असतात, गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही. मुद्रांक, नोंदणी, वकील सगळं धरून 48 लाखांच्या वर जाणं शक्य नाही, आणि त्यातले 30 लाख कर्जाचे.

पर्वरीला या पैशांत नवीन वन बीएचके येतोय. फोंड्याला कुर्टीत टू बीएचके पाहिला: दहा-बारा वर्षांचा, पहिला मजला, लिफ्ट आहे, मालक 41 लाख सांगतात. साखळीजवळ रो हाऊसचं बांधकाम चालू आहे. चौथा पर्याय पेडण्यात मोपाच्या बाजूचा प्लॉट. एजंट म्हणतो विमानतळामुळे पाच वर्षांत भाव दुप्पट होणार. दीर आणि माहेरचे सगळे प्लॉटच्या बाजूने आहेत. माझं मन कुर्टीकडे ओढतंय, पण नक्की कारण सांगता येत नाही.

कुर्टीकर:
ताई, कारण मी सांगतो. कुंडई फोंडा-पणजी रस्त्यावरच आहे. म्हणजे तुम्ही दोघं सकाळी एकाच दिशेला निघणार, मिस्टर आधी उतरणार. पेडण्याहून हेच करायचं तर मिस्टरांचा अर्धा दिवस रस्त्यात जाईल. शिवाय प्लॉट घेतला तरी राहणार कुठे? मेरशीचं भाडं आणि प्लॉटचा हप्ता दोन्ही एकदम भरायचे, आणि बांधकामाला वेगळे पैसे. 48 लाखांत हे बसत नाही. भाव दुप्पट होईलही, पण तोवर मुलगी आठवीत गेलेली असेल.

फोंड्यात मराठी शाळा आहेत, उपजिल्हा इस्पितळ आहे, मडगावला जायला बसेस आहेत. नाटक-भजनाची आवड असेल तर राजीव गांधी कला मंदिर आहे, आणि मंगेशी, म्हार्दोळ, कवळे सगळं हाकेच्या अंतरावर. त्रास एकच: भोम-बाणस्तारीचा रस्ता. रुंदीकरणावरून भोमवासीयांचा विरोध चालू आहे आणि सकाळी तिथे गाड्या तुंबतात. जायचा-यायचा वेळ सोमवारी सकाळी स्वतः बसमध्ये बसून बघा, रविवारी गाडीने बघू नका.

पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं, चांगलं येतं. पण 2019 च्या ऑगस्टात खांडेपारला मुख्य वाहिनी फुटली तेव्हा फोंडा आणि तिसवाडी दोन्ही बरेच दिवस कोरडे होते. इमारतीची खालची टाकी केवढी आहे ते विचाराच.

साखळीची_लेक:
साखळी माझं माहेर, त्यामुळे जीव तुटतो, पण तुमच्यासाठी नाही सुचवणार. गाव सुंदर, शाळा उत्तम, माणसं जिव्हाळ्याची. पण तिथून कुंडईला सरळ बस नाही, आणि डिचोलीच्या बाजूला खाणी पुन्हा सुरू झाल्यापासून ट्रकांची धूळ आहे. बाजाराच्या बाजूला घर असेल तर वाळवंटीचं पाणी पावसाळ्यात कुठवर येतं ते शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊलही टाकू नका.

दस्तऐवज_वाचक:
मी म्हापशात वकिलाच्या कार्यालयात कागद तपासतो, म्हणून तेवढंच बोलतो. गोव्यात स्वस्त घर स्वस्त का आहे याचं उत्तर बहुतेक वेळा कागदात सापडतं.

आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीचा सरकारी नोंद-उतारा घ्या, शहर सर्वेक्षण झालेल्या भागात त्याऐवजी फॉर्म डी. त्यात मालकाचं नाव वाचून थांबू नका. कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना नीट वाचा. कुळाचं नाव असलेली शेतजमीन किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर असलेला प्लॉट घेतलात तर भांडण विकत घेतल्यासारखं आहे. 1975 चा मुंडकार कायदा घरात राहणाऱ्याला संरक्षण देतो, आणि ते योग्यच आहे. उतारा म्हणजे मालकी नव्हे हेही लक्षात ठेवा. विक्रीखत आणि त्याआधीचे सगळे दस्त ओळीने लागतात, आणि सब-रजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखला.

दुसरं म्हणजे सह्या. आपल्याकडे नागरी कायद्यामुळे सहसा नवरा-बायको दोघं मालमत्तेत येतात, म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही हवी. मालमत्ता वारशाने आलेली असेल तर वारसा खत किंवा इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांची वाटणी) झाली आहे का ते विचारा. एक भाऊ पोर्तुगालात, एक बहीण लंडनला, आणि इथला भाऊ म्हणतो 'त्यांचं काय, मीच बघतो'. असलं घर कितीही गोड वाटलं तरी हात लावू नका. मुखत्यारपत्रावर विक्री असेल तर दुप्पट काळजी घ्या. जुने पोर्तुगीजकालीन दस्त बनावट करून जमिनी विकल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की सरकारला 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं.

डिचोलीच्या बाजूला मये गावात काही पाहत असाल तर तिथे गोवा सोडून गेलेल्या मालकांच्या, म्हणजे स्थलांतरितांच्या मालमत्तेचा जुना प्रश्न आहे. त्यासाठी 2014 मध्ये वेगळा कायदा झाला. ताबा आहे म्हणजे विकायचा हक्क आहे असं धरू नका. पेडण्याच्या प्लॉटला सनद (जमीन बिगरशेती वापरायची परवानगी) आहे का आणि झोन आधीपासून वस्तीचा आहे की नंतर बदलून घेतलाय, हे नगरनियोजन खात्यातून लेखी काढा. नगरनियोजन कायद्यातल्या झोन बदलाच्या 17(2) कलमाखालचे नियम उच्च न्यायालयाने 2025 मध्ये रद्द केलेत, त्यामुळे 'आता झोन बदलून मिळतो' या शब्दावर पैसे देऊ नका.

आणि घरपट्टीची पावती, घर नंबर, वीज मीटर यांनी घर कायदेशीर ठरत नाही. भोगवटा दाखलाच हवा.

चिऱ्याची_भिंत:
बांधकामातला माणूस आहे. कुर्टीचा फ्लॅट पावसात बघा, शक्य असेल तर जुलैत. पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं कपाट मालकाला पुढे ओढायला सांगा आणि मागे तळहात टेकवून बघा. भिंत थंड-ओली लागली, बोटाला रंगाची पूड आली, कपाटाच्या फळीला काळे ठिपके दिसले, तर त्या भिंतीला बाहेरून भेगा आहेत. नुसता आतून रंग मारून ते थांबत नाही. मग न्हाणीघराच्या छताकडे बघा. वरच्या मजल्यावरची गळती तिथे आधी दिसते, आणि वरचा शेजारी दुरुस्ती करू देणार का हा पैशांपेक्षा मोठा प्रश्न असतो.

सासूबाईंसाठी: लिफ्ट वीज गेल्यावर चालते का? पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती जाते तुम्हाला माहीत आहे. पहिला मजला असला तरी पायऱ्या मोजा, स्टिल्टच्या (खांबांवरच्या पार्किंगच्या) वरचा 'पहिला' म्हणजे दोन जिने होतात. क्षेत्रफळ कार्पेटचं चौरस मीटरमध्ये लिहून मागा. पार्किंग विक्रीखतात आहे का, तेही पाहा.

सीमेपलीकडे:
दोडामार्गला बघा ना. याच पैशांत अंगणासकट घर होईल, भाषा आपलीच.

कुर्टीकर:
भाषा आपलीच, पण राज्य वेगळं. मुलीला पुढे गोवा सरकारी नोकरी हवी असेल तर 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तिसरीतल्या मुलीला घेऊन सीमा ओलांडणं मला तरी पटत नाही.

मेरशीहून_मी:
सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना हे वाचून दाखवलं, प्लॉटचा विषय घरात संपला. दोन प्रश्न राहिले. प्रधानमंत्री आवास योजनेची व्याज सवलत मिळेल का? आमचं मिळून उत्पन्न वर्षाला 9 लाखांच्या आत आहे. आणि कुर्टीचे मालक म्हणतात, आधी एक लाख टोकन द्या, मग कागदांच्या प्रती देतो. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे.

दस्तऐवज_वाचक:
सवलत नाही मिळणार. शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उत्पन्न बसतं, पण घराची किंमत 35 लाखांच्या आत आणि कर्ज 25 लाखांच्या आत लागतं. तुमचं दोन्हीकडे वर जातं. दुसऱ्या बाजूने, भोगवटा दाखला मिळालेल्या जुन्या फ्लॅटवर जीएसटी नाही. साखळीच्या रो हाऊसला बांधकाम चालू असल्यामुळे 1 किंवा 5 टक्के लागला असता. तिथेही रेराचा (गृहप्रकल्पांवरच्या नियामकाचा) नोंदणी क्रमांक बघितल्याशिवाय आणि करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका.

टोकन आधी देऊ नका. विक्रीखत, भोगवटा दाखला, जमिनीतला अविभक्त हिस्सा किती लिहिलाय ते पान, आणि मेंटेनन्स सोसायटीची थकबाकी नसल्याची चिठ्ठी, एवढ्या चार प्रती आधी मागा. सच्चा मालक तासाभरात देतो. त्या वकिलाला दाखवून मगच टोकन द्या, तेही चेकने. पावतीवर लिहून घ्या: कागदांत दोष निघाल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत. बँक कर्ज मंजूर करते म्हणून स्वतःचा वकील टाळू नका, बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल तर असू दे, कुर्टी-खांडेपारात आणखी फ्लॅट निघतील.

चिऱ्याची_भिंत:
प्रती मिळाल्या की इथे सांगा. फ्लॅट बघायला जाताना वेळ जुळली तर मीही येतो, ओल बघायला अनोळखी डोळा बरा.