'बिचेस ब्रू' ऐकताना नुसता गलका वाटतो, कुठून धरावं?

वर्धाकाठ (आर्वी तालुका)
अमेरिकी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा जॅझ अल्बम 'बिचेस ब्रू' मोबाइलमध्ये उतरवून घेतला आहे. कान शास्त्रीय संगीताला आणि खंजिरी भजनाला सरावलेला, जॅझला नाही. पहिलाच ट्रॅक 'फॅरोज डान्स' वीस मिनिटांचा आहे आणि त्यात चाल कुठं सुरू होते, कोण काय वाजवतो, काहीच हाती लागत नाही. ऐकतो ब्लूटूथ स्पीकरवर. कोणत्या क्रमानं ऐकावं आणि कान कशावर ठेवावा?

पैनगंगा
आधी स्पीकर बदला, निम्मा घोळ तिथंच आहे. या अल्बममध्ये बहुतेक ठिकाणी दोन ड्रमर एकाच वेळी वाजवतात: डाव्या बाजूला लेनी व्हाइट, उजव्या बाजूला जॅक डिजॉनेट. इलेक्ट्रिक पियानोही असेच वाटून दिलेत. जो झाविनुल डावीकडे, चिक कोरिया उजवीकडे, आणि 'फॅरोज डान्स' व 'स्पॅनिश की' या दोन ट्रॅकमध्ये मधोमध तिसरा, लॅरी यंग. लहान ब्लूटूथ स्पीकर डावं-उजवं एकत्र करून सोडतो. दोन ड्रम एकमेकांवर चढतात आणि खडखडाट उरतो. शिवाय तेवढ्याशा डब्यातून खालचा बास निघतच नाही, आणि इथला सगळा डोलारा बासवर उभा आहे.

साधा वायरचा इअरफोन घ्या, एल-आर पाहून नीट कानात घाला. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू असेल तर बंद करा. बास बूस्टही बंद. बेनी मॉपिनचा बास क्लॅरिनेट (खर्जातलं फुंकवाद्य) दोन्ही बासवादकांच्या अगदी लगत, थोडा वर चालतो. बूस्ट लावला की तो त्यात बुडतो, आणि या अल्बमचा खास काळसर रंग त्याच वाद्याचा आहे.

शफल तर अजिबात नको. मूळ अल्बम दोन तबकड्यांचा आहे. एक बाजू म्हणजे एक बैठक, एवढंच ऐका. आणि उन्हाळ्यात कुलर चालू असलेल्या खोलीत ऐकू नका. हळू भागातले कोंगा (हातानं वाजवायचे उभे ढोल) आणि शेकर (खुळखुळे) त्या घरघरीत पूर्ण जातात. पहाटेची वेळ बरी.

वऱ्हाडी कान
भाऊ, खंजिरी भजनाची सवय हाये म्हणता, मंग अर्धं काम झालं. भजनात ठेका धरणारे ठेका सोडत नाहीत अन् बुवा वरून पाहिजे तसा फिरते. इथं बी बास अन् ड्रम ठेका धरून बसते, ट्रम्पेट फिरते. तुमी ट्रम्पेटच्या मांगं धावता म्हणून दमता. 'माइल्स रन्स द व्हूडू डाउन' आधी लावा, चौदा मिनिटांचा हाये. पहिल्यांदा फक्त बास आयका, दुसरं काहीच नाही. हा ठेका डॉन अलियासनं न्यू ऑर्लिन्सकडून उचललेला, अन् या ट्रॅकवर डिजॉनेटसंगं ड्रमवर तोच बसला. सगळ्यात सोपा ट्रॅक हाच, काहून का ठेका सुरुवातीपासून हातात येते.

पैनगंगा
क्रम बरोबर सांगितला. त्यानंतर 'स्पॅनिश की' घ्या. तिथं सोलो वाजवणारा खूण देतो आणि सगळे मिळून दुसऱ्या स्वरावर जातात, ती जागा पकडायचा प्रयत्न करा. मग शीर्षक ट्रॅक. 'फॅरोज डान्स' सगळ्यात शेवटी, तो अवघड आहे आणि अवघड असण्याचं कारण वेगळं आहे.

जुनी टेप
ते कारण सांगतो. रेकॉर्डिंग १९ ते २१ ऑगस्ट १९६९ असं तीन दिवस न्यू यॉर्कमध्ये कोलंबियाच्या स्टुडिओत झालं, अल्बम मार्च १९७० मध्ये आला. मधल्या काळात निर्माता टिओ मासेरो यानं टेप कापून जोडली. 'फॅरोज डान्स'मध्ये असे १९ जोड आहेत. सुरुवातीची ती अडखळत थांबणारी चाल कुणी सलग वाजवलेलीच नाही, तुकडे पुन्हापुन्हा लावून ती टेबलावर तयार झाली. म्हणून मुखडा-अंतरा शोधला की माणूस हरवतो.

जोड कानानं पकडायचा असेल तर ८:३९ ला कान द्या. तिथला सेकंदभराचा तुकडा ८:५४ ते ८:५९ मध्ये लागोपाठ पाच वेळा लावलाय. (वेगवेगळ्या आवृत्त्यांत एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे होतात.) एकदा तो सापडला की मासेरोचा हात सगळीकडे दिसायला लागतो, आणि मग या ट्रॅकची गोडी काही औरच. शीर्षक ट्रॅकमध्ये ट्रम्पेटचा एक फुत्कार विरत विरत परत येतो, तो टेप एको, म्हणजे टेपवरून तयार केलेला प्रतिध्वनी. सुमारे तीन मिनिटांनी बासची फिरती ओळ सुरू होते, तिथून ठेका धरा. सुरुवातीचा तो मोकळा भाग अगदी शेवटी पुन्हा येतो.

वर्धाकाठ
इअरफोन लावून 'व्हूडू' ऐकला, आता दोन ड्रम वेगळे कळतात. घरी अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन साउंड बॉक्स आहेत. त्यावर चालेल का?

जुनी टेप
अ‍ॅम्प्लिफायर स्टीरिओ (डावं-उजवं वेगळं देणारा) असेल तर उत्तम. लग्नातल्या भोंग्याचा असेल तर तो मोनो असतो, उपयोग नाही. फोनपासून ३.५ एमएमची एक पिन आणि दुसरीकडे लाल-पांढऱ्या दोन पिना अशी केबल घ्या. पांढरी डावी, लाल उजवी. बॉक्स सहा-सात फुटांवर, कानाच्या उंचीला ठेवा आणि स्वतः तेवढ्याच अंतरावर समोर बसा. कोपऱ्यात ढकलले तर बास घुमतो.

एक चूक हमखास होते: एका बॉक्सच्या प्लस-मायनस तारा उलट लागतात. मग बास गायब होतो आणि मधोमध यायचा ट्रम्पेट खोलीभर विखुरतो. शंका आली तर एकाच बॉक्सच्या तारा अदलाबदल करा. ज्या जोडणीत बास भरीव येतो ती बरोबर. तारांना हात लावण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, तारा एकमेकींना टेकल्या तर आउटपुट उडतो.

पैनगंगा
यादीत शेवटी 'फेइओ' दिसत असेल तर तो मूळ अल्बममधला नाही. जानेवारी १९७० चं रेकॉर्डिंग आहे, नंतरच्या सीडीत जोडलं. मूळ अल्बमचा शेवटचा ट्रॅक 'सँक्चुअरी', तो संपला की थांबा. आणि तबला ऐकायची ओढ असेल तर यानंतर १९७२ चा 'ऑन द कॉर्नर' घ्या, त्यात बादल रॉय तबल्यावर आहेत.