चावट, पांचट, वाह्यात की अश्लील? ‘टेड’च्या ट्रेलरवरचे शेरे

धागा

‘टेड’ (२०१२) या अमेरिकन चित्रपटाचा ट्रेलर आजही कुणी पहिल्यांदा बघितला की त्याच्या तोंडून लगेच एक विशेषण बाहेर पडतं. ‘काय चावट आहे!’, ‘नुसता पांचटपणा’, ‘वाह्यात अस्वल’, ‘शी, किती अश्लील’. हे चारही शेरे मी याच ट्रेलरबद्दल ऐकले आहेत आणि बोलणारे सगळे मराठी होते. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. छापील मजकुरात तर चौघांची जागा बहुधा एकटा ‘अश्लील’च घेतो. मला ते पटत नाही. या प्रत्येक शब्दाची तक्रार निराळी आहे, आणि एक शब्द तर तक्रार करतच नाही.

ट्रेलर न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बॉस्टनच्या एका उपनगरात जॉन नावाचा मुलगा राहतो, त्याला एकही मित्र नाही. १९८५ च्या नाताळात भेट मिळालेलं टेडी अस्वल खरंखुरं बोलू लागावं अशी तो इच्छा करतो आणि ती खरी ठरते. इथवर सगळं गोड आहे, निवेदकाचा आवाजही गोष्टीच्या पुस्तकातला. मग काळ पुढे सरकतो. जॉन पस्तिशीत आलाय (मार्क वॉलबर्ग), आणि अस्वल त्याच्या शेजारी सोफ्यावर बसून गांजा ओढतंय, शिव्या घालतंय, बायकांबद्दल नको ते बोलतंय. आवाज आणि दिग्दर्शन दोन्ही सेथ मॅकफार्लेनचं.

मला विचाराल तर या अस्वलाला चपखल बसणारा शब्द ‘वाह्यात’. शब्द अरबी-फारसीतून आला, तिकडे अर्थ निरर्थक, फालतू गोष्टी. मराठीत तो माणसाला चिकटला, आणि चिकटला तो बहुतेक घरातल्याच माणसाला. ‘वाह्यात कार्टं’ हे आई स्वतःच्या मुलाला म्हणते. त्यात राग आहे आणि ‘आपलंच आहे, काय करणार’ हेही आहे. टेड नेमका तसा आहे. लहानपणी कौतुकाचा, चमत्कार म्हणून टीव्हीवर झळकलेला, मग लोक विसरले आणि हा असा निघाला. ट्रेलर बघून हसणारे लोक त्याला घरातल्या वाया गेलेल्या पोरासारखं बघतात. ‘अश्लील’ म्हटलं की हे नातंच तुटतं.

तुम्ही कोणता शब्द वापराल आणि का?

प्रतिसाद

‘अश्लील’बद्दल दोन गोष्टी मांडतो, कारण या शब्दावर आपण फार अन्याय करतो.

‘श्री’ नसलेलं ते ‘अश्रील’, त्यातल्या ‘र’चा ‘ल’ होऊन अश्लील, अशी व्युत्पत्ती सांगतात. म्हणजे शोभा नसलेलं. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त अश्लील हा काव्यदोष आहे आणि त्याचे तीन प्रकार केलेत: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगळ सुचवणारं. आज आपण फक्त पहिला प्रकार धरून बसलोय. टेडच्या ट्रेलरला जे लोक ‘शी’ म्हणतात, त्यांतल्या अनेकांना लाज वाटलेली नसते, किळस आलेली असते. दुसरा प्रकार. जुन्या अर्थाने त्यांनी ‘अश्लील’ म्हटलं तर बरोबरच आहे, आजच्या अर्थाने मात्र जरा जास्तच होतं.

कारण आज हा कायद्याचा शब्द आहे. दंड संहितेचं कलम २९२ अश्लील साहित्याबद्दलच होतं. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर, ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेवर, याच कलमाखाली खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने कथा अश्लील नाही असं ठरवलं. एका शब्दापायी लेखकाची इतकी वर्षं गेली. म्हणून कापसाच्या अस्वलाच्या ट्रेलरवर तो शब्द कुणी सहज टाकला की मला त्रास होतो. अश्लील म्हणणं म्हणजे आरोप ठेवणं आहे. आरोप ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण तो ठेवतोय हे कळून ठेवा.

प्रतिसाद

मी ‘चावट’च्या बाजूने.

वर म्हटलंय की एक शब्द तक्रार करत नाही, तो हाच असणार. ‘चावट कुठला’ म्हणताना म्हणणारी हसत असते. तमाशातल्या गवळणीत मावशी जे बोलते, बतावणीत सोंगाड्या जे बोलतो, ते चावट. दादा कोंडके चावट. सेन्सॉरशी त्यांचे किती खटके उडाले, पण त्यांच्या सिनेमाला बायकामुलांसकट घरंच्या घरं गेली, आणि ‘चावट आहे हो’ असं म्हणतच गेली. मग टेडला हा शब्द का नको?

उपप्रतिसाद

नको, कारण चावटपणाला आडोसा लागतो. दादांच्या वाक्याचा सरळ अर्थ नेहमी निर्दोष असायचा. वाकडा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार व्हायचा आणि दादा भाबडा चेहरा करून उभे. दोष कुणाचा, तर ऐकणाऱ्याचा. सगळी गंमत त्यात आहे. टेड असा आडोसा घेतच नाही. तो थेट बोलतो, तोंडावर बोलतो. त्याला मराठीत सरळ ‘शिवराळ’ म्हणतात. भाबडा चेहरा त्याच्याकडेही आहे हे मान्य, पण तो खेळणं बनवणाऱ्याने शिवलेला आहे, त्याने स्वतः केलेला नाही.

धागाकर्ता

या दोन प्रतिसादांमधलं भांडण मला वाटतं ट्रेलरमुळेच झालंय. तुम्ही दोघांनी वेगवेगळे ट्रेलर बघितले असणार!

अमेरिकेत अशा चित्रपटाचे दोन प्रकारचे ट्रेलर निघतात. सुरुवातीला हिरवी पट्टी दिसते तो सगळ्यांपुढे दाखवण्याजोगा, लाल पट्टीचा फक्त मोठ्यांसाठी. टेडचे दोन्ही निघाले. हिरव्यात शिव्या कापाव्या लागतात, वाक्यं मध्येच तोडावी लागतात, नको त्या क्षणी दृश्य बदलावं लागतं. परिणाम असा की उरलेलं आपण मनात पुरं करतो. म्हणजे कात्रीनेच तिथे आडोसा उभा केला. तो बघणारा ‘चावट’ म्हणणार. लाल पट्टीत सगळं उघडं, तो बघणारा ‘शिवराळ’ म्हणणार, आणि दोघेही खरं बोलत असणार. शब्दांचा फरक इतका स्वच्छ दिसेल असं उदाहरण मला दुसरीकडे मिळालेलं नाही. माणूस तोच, संवाद तेच, फक्त कापलं किती यावर विशेषण बदलतं.

आपल्याकडे संपादन करणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे. ‘बीप’ टाकला की साधी शिवीसुद्धा जास्त चावट वाटते.

प्रतिसाद

पांचट राहिलंच. तो मूळ ‘पाणचट’, पाण्याशी नातं सांगणारा. पाणचट ताक, पाणचट आमटी. म्हणजे ज्यात अर्क नाही ते. त्यामुळे पांचट हा शेरा नीतीबद्दल नाही, चवीबद्दल आहे. विनोद सोवळा असूनही पांचट असू शकतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात पुष्कळ असतात. टेडला जे पांचट म्हणतात त्यांना त्याच्या शिव्यांचं काही नाही. ‘अस्वल शिव्या देतं’ हा एकच विनोद शंभर मिनिटं पाणी घालून वाढवणार, अशी त्यांची शंका आहे. ट्रेलर बघून अशी शंका येणं अगदी रास्त आहे.

‘आवाज तर कार्टूनमधल्या त्या बापाचाच आहे’ ही ट्रेलरवरची दुसरी तक्रारही याच जातीची. मॅकफार्लेन आपल्या ‘फॅमिली गाय’ मालिकेतल्या पीटर ग्रिफिनला जो आवाज देतो त्याच्याच जवळचा टेडचा आहे. चित्रपटात तर टेडच्या तोंडी त्यावर एक वाक्यही आहे. तेच ताक, आणखी पाणी, असं ज्यांना वाटलं ते पांचट म्हणाले. मी स्वतः तसं म्हणणार नाही, कारण जॉन आणि टेड यांची संवादातली लय खरी आहे. मॅकफार्लेनने अंगावर संवेदकांचा पोशाख घालून चित्रीकरणाच्या वेळीच अस्वलाचा अभिनय केला, आवाज मागाहून चिकटवला नाही. दोघे एकमेकांचं बोलणं तोडतात, एकमेकांवर बोलतात, ते त्यामुळे. ट्रेलरमध्येसुद्धा हे कळतं.

प्रतिसाद

पालक म्हणून लिहिते. मला या चर्चेत शब्दापेक्षा चित्राची काळजी जास्त वाटते. पोस्टरवर टेडी आहे, ट्रेलरची सुरुवात नाताळची आहे. लहान मूल तेवढंच बघतं. ब्राझीलमध्ये २०१२ मध्येच एका खासदाराने आपल्या ११ वर्षांच्या मुलाला हा चित्रपट दाखवायला नेलं आणि बाहेर येऊन त्यावर बंदीची मागणी केली. तिथे तो १६ वर्षांपुढच्यांसाठी होता. लोकांनी त्या खासदाराची थट्टा केली, मला ती करवत नाही. टेडी बघून कुणाचाही असा समज होईल.

आणि आणखी एक गोंधळ. अमेरिकेतलं ‘आर’ प्रमाणपत्र (टेडला तेच होतं) म्हणजे आपलं ‘ए’ नव्हे. ‘आर’ला १७ वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर जाऊ शकतं, आपल्या ‘ए’ला १८ च्या आतल्याला आईबापांसोबतही प्रवेश नाही. मराठीत आपण दोन्हींना ‘प्रौढांसाठी’ म्हणून मोकळे होतो. ट्रेलरखाली ‘मुलांना दाखवू नका’ असं कळकळीने लिहिणारे बहुतेक आईबाप असतात, त्यांच्या शेऱ्यात चावट, पांचट काहीच नसतं. त्यांचा शब्द ‘अयोग्य’. तो शब्द रूक्ष आहे, पण ‘कुणासाठी’ हा प्रश्न तोच एक विचारतो.

प्रतिसाद

‘बोलकं खेळणं’ लिहावं की ‘बोलणारं खेळणं’?

उपप्रतिसाद

बोलणारं. बोलका म्हणजे गप्पिष्ट, किंवा न बोलता सांगणारा: बोलके डोळे, बोलकं छायाचित्र. ‘बोलक्या बाहुल्या’ हा अपवाद रूढ झाला तो पाध्ये घराण्यामुळे. अर्धवटराव आणि आवडाबाई आपण बोलक्या बाहुल्या म्हणूनच ओळखतो, तिथे बोलणारा शब्दभ्रमकार शेजारी बसलेला दिसतो आणि ते लपवायचं नसतंच. १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचूही रामदास पाध्यांचीच कारागिरी, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. मराठी माणसाने टेडचा ट्रेलर बघितला की त्याला हमखास तात्या आठवतो, तरी फरक मोठा आहे. तात्यात गुंडाचा जीव शिरलाय, तो शिव्या देणार हे त्याच्या तोंडावर लिहिलंय. टेडचा चेहरा मात्र शेवटपर्यंत दुकानातल्या टेडीचाच राहतो. हशा या न बदलणाऱ्या चेहऱ्यावर आहे.

प्रतिसाद

मी शेरे वाचताना दुसरंच काही बघत होते. सर्वनाम.

मराठीत अस्वल नपुंसकलिंगी. ते अस्वल. ट्रेलरच्या पहिल्या भागाबद्दल सगळे तसंच बोलतात: ‘ते बोलायला लागतं’, ‘ते किती गोड दिसतं’. पहिली शिवी पडली की वाक्य फिरतं: ‘काय बोलला तो!’ याच धाग्यात बघा. धागाकर्त्याने सोफ्यावर बसून ‘ओढतंय’, ‘घालतंय’ लिहिलं, आणि पुढच्याच परिच्छेदात ‘हा असा निघाला’. कुणी ठरवून केलेलं नाही. शिवी देणाऱ्याला आपण ‘ते’ म्हणू शकत नाही, कारण शिवीला देणारा लागतो, आणि देणारा म्हणजे कुणीतरी माणूस.

म्हणून मला वाटतं की असभ्य विनोद नुसता हशासाठी तिथे आहे असं नव्हे. कथेत त्याचं काम आहे. गोड बोलणारं टेडी खेळणंच राहिलं असतं. २०१५ च्या दुसऱ्या भागात तर हाच कज्जा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्य ठरवतं की टेड व्यक्ती नाही, मालमत्ता आहे. मग त्याचं लग्न रद्द, नोकरी गेली, मूल दत्तक घेणं अशक्य, आणि प्रकरण न्यायालयात जातं. मराठी प्रेक्षकाने हा निकाल ट्रेलर बघतानाच दिलेला असतो, ‘तो’ म्हणून.

धागाकर्ता

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि आता वाचून फार आनंद झाला. एक पुढचा प्रश्न. वाक्यात ‘टेड’ असेल तर ‘तो’ सहज येतो, पण ‘अस्वल’ हा शब्द ठेवून ‘शिव्या देणारा अस्वल’ असं कुणी बोलताना ऐकलंय का?

प्रतिसाद

हो. माझ्या सहा वर्षांच्या भाच्याकडून, दुसऱ्या एका, पूर्णपणे बालचित्रपटातल्या बोलणाऱ्या अस्वलाबद्दल. ‘तो अस्वल’ म्हणाला, मी ‘ते’ म्हणून दुरुस्त केलं, तर म्हणाला, ‘ते नाही, तो. तो बोलतो ना.’