मदत हवी आहे: फ्री डिशचे रेकॉर्डिंग करणारा संगणक झोपेतून वेळेवर उठतो, तरी काही दिवशी रेकॉर्डिंग होत नाही

नमस्कार.

माझे आईवडील देवरुखजवळच्या आमच्या गावी राहतात आणि मी पुण्यात असतो. वडील ७६ वर्षांचे आहेत. सह्याद्री वाहिनीवरचा संध्याकाळचा शेतीविषयक कार्यक्रम आणि सातच्या बातम्या हे दोन्ही त्यांना मनापासून पाहायचे असतात. परंतु नेमक्या त्याच वेळी गोठ्यातली कामे असतात, दूध काढून डेअरीवर पोचवायचे असते, आणि ते हातपाय धुऊन बसतात तेव्हा साडेआठ वाजून गेलेले असतात. गावातले मोबाइल नेटवर्क इतके क्षीण आहे की तेच कार्यक्रम नंतर यूट्यूबवर पाहणे शक्य होत नाही. म्हणून गेल्या दिवाळीत मी एक जुना संगणक त्यांच्या टीव्हीला जोडून दिला, जेणेकरून दोन्ही कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड होतील आणि त्यांना सवडीने पाहता येतील. साधारण सहा महिने हे बरे चालले. मे महिन्यापासून मात्र दर आठवड्याला दोनतीन दिवस रेकॉर्डिंग मिळत नाही, आणि त्याचे कारण मला पुण्यात बसून उलगडत नाही.

मांडणी अशी आहे. कार्यालयातून निकाली निघालेला, चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर असलेला संगणक, त्यात ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. त्यात एका परदेशी कंपनीचे डीव्हीबी-एस२ ट्यूनरचे, म्हणजे उपग्रहाचे सिग्नल पकडणारे, पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवले आहे. छपरावर ६० सेंटिमीटरची छत्री ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे रोखलेली असून तिच्या एलएनबीला (छत्रीसमोरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीला) दोन तोंडे आहेत. एक केबल पूर्वीच्या सेट टॉप बॉक्सला जाते आणि दुसरी या कार्डाला. संगणकावर उबंटू ही कार्यप्रणाली आहे, रेकॉर्डिंगचे काम टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर करते आणि पाहण्यासाठी कोडी हे सॉफ्टवेअर आहे. आम्हाला हव्या असलेल्या वाहिन्या कोणत्याही कुलपाशिवाय येतात, त्यामुळे कार्डाला त्या दाखवण्यात अडचण नाही. एका तासाच्या रेकॉर्डिंगला साधारण सव्वा जीबी जागा लागते, म्हणजे जागेचाही प्रश्न नाही. कार्यक्रमपत्रिका मला बहुतेक रिकामीच दिसते, म्हणून मी कार्यक्रमाच्या नावावर विसंबून न राहता वार आणि वेळ ठरवून रेकॉर्डिंग लावले आहे, आणि आधी ५ व नंतर १० मिनिटे जादा ठेवली आहेत.

संगणक दिवसभर चालू राहू नये म्हणून तो वीस मिनिटे रिकामा राहिला की झोपतो. झोपण्यापूर्वी एक छोटी स्क्रिप्ट टीव्हीहेडएंडला पुढच्या रेकॉर्डिंगची वेळ विचारते आणि मदरबोर्डवरच्या घड्याळात त्याच्या दहा मिनिटे आधीचा गजर लावते. ही स्क्रिप्ट नीट काम करते, हे मी स्वतः गावी असताना अनेकदा पाहिले आहे.

मी आतापर्यंत केलेले प्रयत्नही सांगतो, म्हणजे पुन्हा तेच सुचवण्यात कोणाचा वेळ जाणार नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला उबंटूचे नवे कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) आले होते आणि कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) त्यासाठी पुन्हा कंपाइल करावा लागला होता. दोष तिथूनच सुरू झाला असे वाटून मी जुन्या कर्नलवर परत गेलो, पण फरक पडला नाही. केबलचे दोन्ही कनेक्टर बदलले. ११०९० मेगाहर्ट्झ, उभे ध्रुवण, सिंबॉल रेट २९५०० या ट्रान्सपाँडरवर (उपग्रहावरच्या प्रक्षेपकावर) सिग्नल स्थिर दिसतो. हार्ड डिस्क तपासली, तीही निर्दोष आहे.

पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंग करणारा सेट टॉप बॉक्स का घेतला नाही, असा प्रश्न येईल. तो आम्ही आधी वापरून पाहिला होता. त्यात वेळ लावण्यासाठी इंग्रजी मेनूच्या चार पातळ्या उतराव्या लागत आणि वडिलांचा हात चुकून दुसऱ्या बटणावर पडला की सगळी मांडणी पुसली जाई. आता रिमोटचे लाल बटण दाबले की रेकॉर्डिंगची यादी थेट उघडते, आणि वरचा कार्यक्रम आजचा असतो. ही सोय त्यांच्या अंगवळणी पडली आहे. ती मला मोडायची नाही, दुरुस्त करायची आहे.

झोपेतून उठल्यानंतर ट्यूनर जागा होत नसेल, तर तो खात्रीने जागा करण्याचा मार्ग कोणता? की झोपवण्याची पद्धतच सोडून संगणक कायम चालू ठेवावा?

प्रतिसाद १

आपण मांडणी सविस्तर दिली आहे, त्यामुळे नेमके विचारता येते. टीव्हीहेडएंडमध्ये अयशस्वी रेकॉर्डिंगची वेगळी यादी असते आणि तिथे प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहिलेले असते. त्या यादीत सगळीकडे एकच कारण आहे, की दोन वेगवेगळी कारणे आहेत? 'टाइम मिस्ड' असे लिहिले असेल, तर त्या वेळी संगणक चालूच नव्हता. संगणक चालू होता पण ट्यूनरकडून काहीच आले नाही, अशा अर्थाची नोंद असेल, तर दोष कार्डाकडे आहे. हे दोन दोष वडिलांना टीव्हीसमोर बसल्यावर सारखेच दिसतील, पण त्यांचे उपाय अगदी निराळे आहेत.

दुसरे असे की, ज्या दिवशी रेकॉर्डिंग मिळत नाही त्या दिवशी वडील संगणक कसा सुरू करतात, हे कृपया त्यांना विचारा. झोपलेला संगणक रिमोटने उठतो. पूर्ण बंद झालेला संगणक बहुतेक वेळा पेटीवरचे बटण दाबल्याखेरीज उठत नाही.

धागालेखक

आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी मी आज पाहिल्या. वडिलांना फोन करून शेजाऱ्याच्या मुलाकडून त्या यादीचे फोटो मागवले. मे महिन्यापासूनच्या ११ नोंदींपैकी ७ ठिकाणी 'टाइम मिस्ड' आहे आणि ४ ठिकाणी ट्यूनरकडून काही न आल्याची नोंद आहे. मागे जाऊन पाहिले तेव्हा फेब्रुवारी आणि मार्चमध्येही दुसऱ्या प्रकारच्या दोन नोंदी सापडल्या; म्हणजे तो दोष आधीपासून होता आणि माझ्या लक्षात आला नव्हता.

वडील म्हणाले, "पेटीवरचा दिवा गेलेला असतो, मग मी बटण दाबतो." हे त्यांनी मला यापूर्वी सांगितले नाही, कारण त्यांना ते नेहमीचेच वाटले.

प्रतिसाद १

मग चित्र स्पष्ट आहे. कोकणात मे महिन्यात वादळी वारे सुरू झाले की वीज दिवसातून अनेकदा जाते, आणि रॅमवर झोपलेल्या संगणकाला सेकंदभराचा खंडही पुरतो. वीज परत आली तरी बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तसे सांगितलेले नसेल तर तो बंदच राहतो, आणि अनेक मदरबोर्डांवर अशा वेळी घड्याळातला गजरही वाजत नाही. बायॉसमध्ये वीजपुरवठा परत आल्यावर काय करावे, असा एक पर्याय असतो. तो 'चालू व्हावे' असा ठेवा. संगणक चालू होईल, वीस मिनिटे रिकामा राहील, आपली स्क्रिप्ट नवा गजर लावेल आणि तो पुन्हा झोपेल. 'आधीच्या स्थितीत जावे' हा पर्याय मात्र घेऊ नका, कारण तो झोपेची स्थिती कशी मोजतो हे प्रत्येक मदरबोर्डावर वेगळे असते.

घरी इन्व्हर्टर आहे का? असेल तर त्याच्या मागे बहुधा यूपीएस आणि साधा अशा दोन स्थितींचे एक बटण असते. साध्या स्थितीत बॅटरीवर जायला जो क्षण लागतो त्यात पंखे आणि दिवे तगतात, संगणक मात्र बंद पडतो. ते बटण यूपीएसकडे करून पाहा.

प्रतिसाद २

वीजपुरवठ्याबद्दल वर योग्य तेच सांगितले आहे, म्हणून मी उरलेल्या चार नोंदींबद्दल लिहितो. माझ्याकडेही ट्यूनरचे कार्ड असून हा त्रास मी वर्षभर भोगला आहे. संगणक झोपतो तेव्हा कार्डाचा वीजपुरवठा तुटतो आणि त्यात चढवलेले फर्मवेअर (कार्डाचा अंतर्गत प्रोग्राम) नाहीसे होते. उठल्यावर ड्रायव्हरने ते पुन्हा चढवायला हवे, पण काही ड्रायव्हर ते दर वेळी करत नाहीत. टीव्हीहेडएंडला मात्र कार्ड जागेवर दिसते, म्हणून ते तक्रार न करता सिग्नलची वाट पाहत बसते.

यावर उपाय असा की, झोपण्यापूर्वी टीव्हीहेडएंड थांबवावे आणि ड्रायव्हरचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये चढवलेला त्याचा भाग, उतरवावे. उठल्यावर मॉड्यूल चढवावे, दहा ते पंधरा सेकंद थांबावे आणि त्यानंतरच टीव्हीहेडएंड सुरू करावे. उबंटूच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये झोपेच्या आधी आणि नंतर चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी स्वतंत्र फोल्डर आहे, तिथे ही चार ओळींची स्क्रिप्ट ठेवता येते. क्रम महत्त्वाचा आहे. टीव्हीहेडएंड चालू असताना मॉड्यूल उतरतच नाही, आणि ते कार्डाच्या आधी सुरू झाले तर त्याला ट्यूनर दिसत नाही. आपल्या गजराची स्क्रिप्टही टीव्हीहेडएंडला वेळ विचारते, तेव्हा ती या थांबवण्याच्या आधी चालली पाहिजे.

दुसरा मार्ग म्हणजे संगणकाला झोपवण्याऐवजी पूर्ण बंद करणे. घड्याळातला गजर बंद संगणकालाही उठवू शकतो, आणि अशा उठण्यात कार्ड अगदी नव्याने सुरू होते. यात फक्त वडिलांना टीव्ही पाहायचा असेल तेव्हा सुरू होण्याची वाट पाहावी लागते. रिमोटनेही तो उठणार नाही. त्यांना लाल बटणाची सवय झाली असल्याने मी पहिला मार्गच घेईन.

प्रतिसाद ३

हे सगळे टाळून संगणक कायम चालू ठेवावा असे मला वाटते. असा संगणक रिकामा असताना ३० वॅटच्या आसपास वीज घेतो असे धरले, तर महिन्याला साधारण २२ युनिट होतात. रोज दोन रेकॉर्डिंग खात्रीने मिळणार असतील तर हा खर्च मोठा नाही. वीज जाण्याचा प्रश्न मात्र तेव्हाही राहील, म्हणून बायॉसचा बदल करावाच लागेल.

पावसाळ्यासाठी एक सूचना. फ्री डिश ज्यावर येते त्या केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, आणि ६० सेंटिमीटरच्या छत्रीला कोकणातला जुलै जड जातो. थेट पाहताना चित्र क्षणभर अडकते आणि आपण ते विसरतो. रेकॉर्डिंगमध्ये तो तुटलेला भाग कायमचा राहतो. शक्य असल्यास ९० सेंटिमीटरची छत्री बसवा, आणि छत्री बदलताना डोळ्यांनी अंदाज न घेता टीव्हीहेडएंडमध्ये सिग्नलची गुणवत्ता पाहत एलएनबी हळूहळू फिरवा.

धागालेखक

आपणा तिघांचेही मनापासून आभार. गेल्या शनिवारी आणि रविवारी मी गावी गेलो होतो; काय केले आणि काय दिसले ते इतरांना उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

इन्व्हर्टर साध्या स्थितीतच होता, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे टीव्हीजवळचा तो सॉकेट इन्व्हर्टरवर मुळी नव्हताच; वायरमनने दिवे आणि पंखे तेवढे जोडले होते. तो सॉकेट त्याच्याकडून इन्व्हर्टरवर घेतला, बटण यूपीएसकडे केले आणि मग मुख्य स्विच पाच वेळा बंद करून पाहिला. पाचही वेळा संगणक चालू राहिला. बायॉसमधला पर्यायही बदलला आहे, कारण बॅटरी रिकामी होण्याइतकी वीज जाण्याचे प्रसंग पावसाळ्यात येतातच.

मॉड्यूल उतरवण्याची स्क्रिप्टही बसवली. पहिल्या वेळी ती चालली नाही, कारण कोडी त्याच क्षणी टीव्हीहेडएंडला जोडलेले होते आणि झोपेची प्रक्रिया रेंगाळली. टीव्हीहेडएंड थांबवल्यानंतर पाच सेकंदांची उसंत ठेवली तेव्हा सुरळीत झाले. त्यानंतर मी संगणक वीस वेळा झोपवून उठवला आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग घेतले. वीसही फाइली व्यवस्थित चालल्या. ही चाचणी करत असताना वडील शेजारी बसून दर वेळी आकडा मोजत होते.

संगणक कायम चालू ठेवण्याचा पर्याय मी सध्या घेतलेला नाही. उन्हाळ्यात ती खोली फार तापते आणि पंख्यात धूळ साचते, तेव्हा तो जितका कमी चालेल तितके बरे. मोठ्या छत्रीचे मात्र पटले आहे; ती पाऊस जोर धरण्यापूर्वी बसवून घेत आहे.

एकच शंका राहिली आहे. बातम्यांच्या खालच्या सरकत्या ओळीवर आणि वेगाने हलणाऱ्या चित्रावर कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. सेट टॉप बॉक्सवर त्या दिसत नाहीत.

प्रतिसाद २

त्या वाहिन्यांचे चित्र ५७६ ओळींचे आणि इंटरलेस्ड आहे, म्हणजे सम आणि विषम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने येतात. सेट टॉप बॉक्स त्या आपणहून जुळवतो, कोडीला ते सांगावे लागते. एखादे रेकॉर्डिंग चालू असताना चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन डीइंटरलेसची (ओळी जुळवण्याची) पद्धत निवडा; आपल्या प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर व्हीए-एपीआयची हालचालीनुसार भरपाई करणारी पद्धत चालायला हवी, आणि ती अडखळली तर बॉब ही साधी पद्धत निवडा. त्यानंतर तिथेच खाली सर्व चित्रफितींसाठी ही निवड कायम करण्याचा पर्याय आहे, तो विसरू नका. टीव्हीचा रिफ्रेश दरही ६० ऐवजी ५० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे सरकती ओळ गचके न देता जाईल.

धागालेखक

फोनवरून शेजाऱ्याच्या मुलाला एकेक पायरी सांगत दोन्ही बदल करून घेतले. रेघा गेल्या आहेत. काल रात्री वीज दोनदा गेली होती, तरी दोन्ही रेकॉर्डिंग पूर्ण मिळाली असे वडिलांनी आज सकाळी फोन करून सांगितले.